नळी निघेपर्यंतचा सगळा खर्च आधी सांगा: मूत्रविकार रुग्णालयांना आणि विमा कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
मूत्रमार्गाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया करणारी रुग्णालयं, तिथले मूत्रविकार शल्यविशारद आणि या शस्त्रक्रियांचे दावे मंजूर करणाऱ्या विमा कंपन्या यांस,

सप्रेम नमस्कार.

मुतखडा दुर्बिणीतून काढायला किती खर्च येईल, असं रुग्ण विचारतो तेव्हा तुमच्या काउंटरवरून त्याला एक आकडा मिळतो. कागदावर 'लेझर पॅकेज' असं नाव, त्यापुढे रक्कम आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: 'कन्झ्युमेबल्स, औषधं, तपासण्या व इतर खर्च वेगळे'. कन्झ्युमेबल्स म्हणजे शस्त्रक्रियेत वापरलं जाणारं साहित्य. त्या ओळीत बिलाचा केवढा भाग दडलेला आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, रुग्णाला नसतं. डिस्चार्जच्या दिवशी तो फरक कसाबसा भरतो. मग दोन आठवड्यांनी स्टेंट, म्हणजे शस्त्रक्रियेत आत ठेवलेली नळी, काढायला येतो, तेव्हा ही वेगळी शस्त्रक्रिया आहे, वेगळे पैसे भरावे लागतील, हे त्याला कळतं. वर्षानुवर्षं हे असंच चालू आहे आणि त्यात काही चुकतंय असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असल्याचं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही थिएटरच्या ट्रॉलीवर हे साहित्य मांडणारे, वापराची नोंद लिहिणारे, बिलं जुळवणारे आणि तीच बिलं नातेवाइकांना समजावून सांगणारे लोक आहोत. 'एवढे कसे झाले?' हा प्रश्न आधी आमच्याकडे येतो आणि त्याचं सरळ उत्तर द्यायची मुभा आम्हाला नसते. शल्यविशारदांच्या कौशल्याला मोल नाही किंवा रुग्णालयानं पदरमोड करावी, असं आमचं म्हणणं नाही. या शस्त्रक्रिया महागच असतात आणि त्याला कारणंही आहेत. ती कारणं आधी सांगता येतात, तरी सांगितली जात नाहीत. आमची तक्रार त्याबद्दल आहे.

पहिली तक्रार नावाबद्दल. 'दुर्बिणीचं ऑपरेशन' या दोन शब्दांत तुम्ही निरनिराळी कामं एकत्र बांधता. सिस्टोस्कोपी म्हणजे मूत्रमार्गातून मूत्राशयापर्यंत जाऊन नुसतं बघणं. यूआरएस म्हणजे अर्धताठर दुर्बीण पुढे मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नळीत, नेऊन तिथला खडा फोडणं. आरआयआरएसमध्ये लवचिक दुर्बीण थेट मूत्रपिंडाच्या कप्प्यांपर्यंत जाते. पीसीएनएल तर लघवीच्या वाटेनं होतच नाही, पाठीतून छिद्र पाडून होते. या चौघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी फोनवर विचारणाऱ्याला बहुधा सगळ्यात स्वस्त कामाचा दर ऐकवला जातो आणि दाखल झाल्यावर 'खडा वर सरकलाय, लवचिक दुर्बीण लागेल' असं सांगून पॅकेज बदललं जातं. खडा खरोखरच वर सरकू शकतो. मूत्रवाहिनीच्या वरच्या भागातला खडा पाण्याच्या दाबानं किंवा फोडताना बसणाऱ्या धक्क्यानं मूत्रपिंडात परत जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. मग नेहमीच्या गोष्टीचा खर्च पहिल्याच कागदावर दुसऱ्या ओळीत लिहायला काय हरकत आहे?

सिस्टोस्कोपीबद्दल इथेच बोलून घेतो. लवचिक सिस्टोस्कोप १५ ते १६ फ्रेंच जाडीचा असतो, म्हणजे साधारण ५ मिलिमीटर. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. बधिर करणारी लिग्नोकेनची जेली मूत्रमार्गात सोडायची, ती काम करेपर्यंत थांबायचं आणि काही मिनिटांत बघून मोकळं व्हायचं. बहुतेक रुग्णांना पूर्ण भूल लागत नाही, रात्रीचा मुक्कामही लागत नाही. ताठर सिस्टोस्कोप वापरायचा असेल, बायोप्सी घ्यायची असेल किंवा रुग्णाला सहन होत नसेल तर गोष्ट वेगळी. पण लवचिक सिस्टोस्कोप विकत घेतलेला नाही, म्हणून प्रत्येक पुरुष रुग्णाला भूल, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं आणि एका दिवसाची खोली असं सगळं लावायचं, हा तुमच्या साधनसामग्रीतला तुटवडा रुग्णाच्या माथी मारणं झालं.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे. ती 'कन्झ्युमेबल्स'ची.

ट्रॉलीवर काय असतं ते एकदा उघडपणे लिहून टाकू. साध्या यूआरएसला ०.०३५ इंच जाडीची आणि १५० सेंटिमीटर लांबीची गाईडवायर, म्हणजे वाट दाखवणारी तार, लागते, पुष्कळदा सुरक्षेसाठी आणखी एक. एक युरेटरिक कॅथेटर, म्हणजे मूत्रवाहिनीत घालायची बारीक नळी. लेझरचा फायबर, म्हणजे लेझर खड्यापर्यंत नेणारा धागा. तुकडे धरून काढायचे असतील तर बास्केट. धुण्यासाठी सलाईनच्या मोठ्या पिशव्या. क्ष-किरणांत वाट दिसावी म्हणून थोडं कॉन्ट्रास्ट औषध. शेवटी डी जे स्टेंट, लघवीची नळी आणि पिशवी. आरआयआरएस असेल तर यात अॅक्सेस शीथची भर पडते. ही मूत्रवाहिनीत बसवायची पोकळ नळी असते, म्हणजे दुर्बीण तिच्यातून हवी तेवढ्या वेळा आत-बाहेर करता येते. बाईला साधारण ३५ सेंटिमीटरची आणि पुरुषाला ४५ सेंटिमीटरची लागते. १२/१४ फ्रेंच मापाची घेतली तर आतून ४ मिलिमीटर, बाहेरून पावणेपाचच्या आसपास.

ही यादी आदल्या दिवशी तयार असते. स्टेंट २४ सेंटिमीटरचा की २६चा, एवढं मापाचं काहीतरी थिएटरमध्ये ठरतं. बास्केट लागेल की नाही हेही तिथेच कळतं. बाकी सगळं स्टोअरमधून आधीच काढून ठेवलेलं असतं. अशी यादी जिच्यापाशी आहे त्या संस्थेनं 'कन्झ्युमेबल्स प्रत्यक्ष वापरानुसार' असं लिहून रुग्णाला अंधारात ठेवावं, याला अडचण म्हणता येत नाही. ही निवड आहे.

यातल्या तीन गोष्टींवर बिल खऱ्या अर्थानं हलतं. दुर्बीण, फायबर आणि शीथ.

लवचिक दुर्बीण नाजूक असते. तिचं टोक दोन्ही बाजूंना २७० अंशांपर्यंत वळतं आणि तिच्या आतला कामाचा मार्ग जेमतेम ३.६ फ्रेंच, म्हणजे १.२ मिलिमीटर रुंद असतो. टोक वळलेलं असताना फायबर पुढे रेटला की त्या मार्गाला आतून भोक पडतं. फायबरचं टोक पुरतं बाहेर यायच्या आत लेझर सोडला तर दुर्बीण आतून जळते. खालच्या कप्प्यातल्या खड्यासाठी ती फार वेळ पूर्ण वळवून धरली तर वळवायच्या तारा ढिल्या पडतात. धुताना, गळतीची चाचणी न करताच पाण्यात बुडवल्यानंही ती जाते. त्यामुळे पुन्हा वापरायची दुर्बीण बऱ्याचदा काही डझन शस्त्रक्रियांत दुरुस्तीला जाते, कधी त्याच्या कितीतरी आधी, आणि दुरुस्ती स्वस्त नसते. हा खर्च रुग्णांवर वाटला जाणार हे आम्हाला मान्य आहे. एकदाच वापरायच्या लवचिक दुर्बिणी आता मिळतात आणि त्यांचं गणितही समजण्याजोगं आहे: दुरुस्ती नाही, निर्जंतुकीकरण नाही, पण दर शस्त्रक्रियेला नवी. मात्र रुग्णाला यातली कोणती वापरणार हे सांगितलं जात नाही. काही बिलांवर पुन्हा वापरायची दुर्बीण वापरून 'डिस्पोजेबल स्कोप' लावलेला असतो, काहींवर 'स्कोप चार्जेस' आणि 'इक्विपमेंट चार्जेस' अशी एकाच वस्तूची दोन नावं असतात.

एकदाच वापरायच्या वस्तूंबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ज्या वेष्टनावर २ हा आकडा गोलात असून त्यावर तिरकी रेघ मारलेली असते, ती वस्तू दुसऱ्यांदा वापरायची नसते. हे चिन्ह आंतरराष्ट्रीय आहे आणि गाईडवायर, शीथ, बास्केट, स्टेंट यांच्या वेष्टनांवर ते छापलेलं असतं. तरीही शीथ आणि बास्केट धुऊन, पुन्हा निर्जंतुक करून पुढच्या रुग्णाला वापरण्याची प्रथा ठिकठिकाणी आहे आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ती नवी नाही. ज्यानं एकदा वापरलेली शीथ पुन्हा वापरली त्यानं दुसऱ्या रुग्णाकडून नव्या शीथचे पूर्ण पैसे घेऊ नयेत, इतकं साधं म्हणणं मांडायचीही आम्हाला लाज वाटते. कारण मुळात ती वापरायलाच नको. वारंवार निर्जंतुक केलेल्या बास्केटच्या तारा ठिसूळ होतात. खडा पकडलेला असताना तार तुटली तर आत अडकलेली बास्केट काढायला आणखी वेळ, कधी आणखी एक शस्त्रक्रिया. शीथचा वरचा निसरडा थर उडाला की ती ढकलायला जोर लागतो आणि मूत्रवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथे पुढे अरुंदपणा आला तर त्या रुग्णाचा खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

लेझरच्या फायबरचा प्रकार निराळा आहे, कारण फायबर दोन्ही जातींचे मिळतात. पुन्हा वापरता येणाऱ्याचं जळलेलं टोक कापायचं, वरचं आवरण सोलायचं, निर्जंतुक करायचं आणि परत वापरायचं. निर्मात्यानं त्याची सोय केलेली असते. म्हणजे एका फायबरची किंमत अनेक रुग्णांत वाटली जायला हवी. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या बिलात 'लेझर फायबर: १' असतं. शिवाय 'लेझर मशीन चार्जेस' वेगळे. ज्या शस्त्रक्रियेच्या नावातच लेझर आहे तिच्यात लेझर अतिरिक्त कसा? जाडीचाही प्रश्न आहे. मूत्रपिंडाच्या कप्प्यांत वळायचं तर बारीक, २०० मायक्रॉनच्या आसपासचा फायबर लागतो. अर्धताठर दुर्बिणीतून मूत्रवाहिनीतला खडा फोडायचा असेल तर ३६५ मायक्रॉनचा चालतो. महागडा फायबर का निवडला हे लिहिण्याची तसदी कुणी घेत नाही.

आणि मशीनची जाहिरात. होल्मियम लेझर २१०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास काम करतो, थुलियम फायबर लेझर १९४० नॅनोमीटरच्या आसपास. दुसरा पाण्यात अधिक शोषला जातो, खड्याची पूड जास्त बारीक करतो, खडा कमी मागे ढकलतो. मूत्रपिंडातल्या मोठ्या खड्याला याचा उपयोग होतो, हे खरंच. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेल्या ६ मिलिमीटरच्या खड्याला दोन्हींनी काम होतं. तिथे तर न्यूमॅटिक लिथोट्रिप्टरही पुरतो, म्हणजे धातूच्या सळीनं ठोकून खडा फोडणारं जुनं यंत्र, ज्याची सळी पुन्हा पुन्हा वापरता येते. त्याचा दोष असा की तो खडा वर ढकलतो, म्हणून वरच्या भागात तो टाळतात. पण खालच्या टोकाला हा पर्याय आहे, स्वस्त आहे, हे रुग्णाला कुणीही सांगत नाही.

त्याहूनही आधीचा पर्याय तर बिलाच्या बाहेरचाच आहे. मूत्रवाहिनीतले ५ मिलिमीटरपर्यंतचे सुमारे दोनतृतीयांश खडे आपोआप पडतात. दुखणं आटोक्यात असेल, ताप नसेल, दोन्ही मूत्रपिंडं नीट काम करत असतील तर चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. वाट बघूनही नाही पडला तर शस्त्रक्रिया आहेच. हा पर्याय सांगितल्याची नोंद संमतिपत्रावर असावी.

तिसरी तक्रार स्टेंटची.

दोन्ही टोकांना वळलेला हा स्टेंट १९७८ मध्ये वापरात आला आणि त्यानं मूत्रविकारांच्या उपचारात पुष्कळ भलं केलं. सूज आलेल्या मूत्रवाहिनीतून लघवी वाहती ठेवणं हे त्याचं काम. पण यूआरएस नीट झाली, इजा नाही, तुकडे उरले नाहीत, दुसरं मूत्रपिंड चांगलं आहे, दुसरी बैठक ठरलेली नाही, अशा रुग्णाला स्टेंट घालायलाच हवा असं नाही. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. तरी कित्येक थिएटरांत स्टेंट सरसकट जातो. त्यामागे काळजीही असते, हे नाकारत नाही. रात्री दोनला कळा येऊन परत आलेला रुग्ण कुणालाच नको असतो. पण स्टेंट घातलेल्या बहुसंख्य रुग्णांना त्याचा त्रास होतो: सारखी लघवीला लागणं, लघवी करताना कमरेत कळ, लघवीतून रक्त. त्या त्रासावरची औषधं वेगळी. आणि तो काढायचा खर्च वेगळा.

काढायचा खर्च वेगळा असणं आम्हाला कधीच समजलेलं नाही. घर बांधून द्यायचे पैसे ठरवायचे आणि परांची उतरवायची वेळ आली की नवं दरपत्रक काढायचं, असा हा व्यवहार आहे. स्टेंट ज्यानं घातला त्याला तो घालतानाच माहीत असतं की एक-दोन आठवड्यांनी काढावा लागणार. सिस्टोस्कोप आत घालून चिमट्यानं टोक धरून ओढायचं, एवढंच ते काम. लवचिक दुर्बीण आणि जेली असेल तर बाह्यरुग्ण विभागात उरकतं. काही रुग्णांत तेही लागत नाही: स्टेंटच्या खालच्या टोकाला दोरा ठेवून तो मूत्रमार्गाबाहेर काढता येतो आणि काही दिवसांनी दोरा ओढून स्टेंट काढता येतो, दुर्बिणीविना. दोरा चुकून ओढला जाऊन स्टेंट लवकर निघण्याचा धोका असतो, म्हणून सगळ्यांना तो योग्य नाही. पण ज्यांना योग्य आहे त्यांनाही तो पर्याय किती ठिकाणी दिला जातो?

वेगळ्या खर्चाचा सगळ्यात वाईट परिणाम पैशांपलीकडचा आहे. पहिल्या बिलानं हात पोळलेला रुग्ण स्टेंट काढायला येत नाही. दुखणं थांबलेलं असतं, पुन्हा दाखल व्हायला पैसे नसतात, आणि पुष्कळांना तर आत काही ठेवलंय हेच नीट सांगितलेलं नसतं. महिने जातात. स्टेंटवर क्षार साचतात, टोकांना खडे बनतात, तो जागीच अडकतो, कधी तुटतो. मग मूत्राशयातला खडा फोडायचा, वरचा भाग मोकळा करायला आरआयआरएस किंवा पीसीएनएल, कधी एकाहून जास्त बैठका. तोवर त्या बाजूचं मूत्रपिंड गेलेलंही असू शकतं. वेष्टनावर निर्मात्यानं जास्तीत जास्त मुदत छापलेली असते. ती तारीख रुग्णाच्या हातात जात नाही, कारण वेष्टन कचऱ्यात जातं.

चौथी तक्रार अपुऱ्या राहिलेल्या शस्त्रक्रियेच्या बिलाची. मूत्रवाहिनी अरुंद असते, दुर्बीण वर जात नाही. शहाणा शल्यविशारद तिथे जोर करत नाही. स्टेंट घालून थांबतो, आठवडा-दोन आठवड्यांत मूत्रवाहिनी आपोआप रुंदावते, मग पुन्हा जातो. हा निर्णय योग्य आहे आणि तो घेणाऱ्याला आम्ही मानतो. पण त्या दिवशी खडा फुटलेला नसताना लेझर शस्त्रक्रियेचं पूर्ण पॅकेज लावायचं आणि दुसऱ्या वेळी परत पूर्ण, हे कोणत्या न्यायानं? मोठ्या खड्याचंही तसंच. २ सेंटिमीटरहून मोठ्या मूत्रपिंडातल्या खड्याला पीसीएनएल हा पहिला पर्याय मानला जातो. काही कारणानं आरआयआरएसच करायची ठरली, तर दोन बैठका लागण्याची शक्यता सी टी स्कॅन बघतानाच दिसत असते. ती शक्यता तोंडी सांगितली जाते, तीही शस्त्रक्रिया झाल्यावर.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. लघवीचं कल्चर, म्हणजे तिच्यात जंतू आहेत का हे बघणारी तपासणी, शस्त्रक्रियेआधी व्हायला हवं आणि त्याचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. थिएटरची तारीख पुढे जाऊ नये म्हणून निकालाआधीच केलेली शस्त्रक्रिया फार महाग पडू शकते. जंतू असलेल्या मूत्रपिंडात दाबानं पाणी सोडलं की ते रक्तात जातात, थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब पडतो, अतिदक्षता विभागाचं बिल सुरू होतं. कल्चर स्वच्छ असेल तर मात्र शस्त्रक्रियेआधी प्रतिजैविकाचा एक डोस साधारणपणे पुरतो. त्यानंतर पाच-पाच दिवस महागडी इंजेक्शनं कशासाठी चालू असतात, हे केसपेपरवर क्वचितच लिहिलेलं असतं.

आणि खोली. एकच खडा, तीच दुर्बीण, तेच थिएटर. रुग्णानं वरच्या दर्जाची खोली घेतली की शल्यविशारदाची फी वाढते, तिच्या टक्केवारीवर भूलतज्ज्ञाची वाढते, थिएटरचं भाडंही वाढतं. खोलीचं भाडं वाढावं. दुर्बिणीला खोलीचा दर्जा कसा कळतो?

आता ज्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं त्यांच्याविषयी. मुतखड्याचा रुग्ण एकदा-दोनदा येतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचा रुग्ण येतच राहतो. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली तरी ती परत येण्याची शक्यता मोठी, म्हणून ठरावीक अंतरानं सिस्टोस्कोपी. जोखीम जास्त असेल तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर दर वर्षी. म्हणजे पाच वर्षांत १४ वेळा. जोखीम कमी असेल तर तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा, तरी पाच वर्षांत सहा वेळा. या माणसाला प्रत्येक वेळी भूल, थिएटर आणि दिवसाच्या खोलीचं बिल देणं म्हणजे त्याला तपासणी चुकवायला सांगण्यासारखंच आहे. तो आधी एक तपासणी गाळतो, मग दोन; आणि गाठ परत आलेली उशिरा कळते.

याच आजारात आणखी एक खर्च टाळता येण्याजोगा असतो. पहिल्या वेळी काढलेल्या तुकड्यांत मूत्राशयाचा स्नायू आलाच नाही, तर गाठ किती खोल गेली आहे हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडावं लागतं. काही प्रकारच्या गाठींत हे दुसरं खरवडणं वैद्यकीयदृष्ट्या करायलाच हवं असतं, तिथे आमचं काही म्हणणं नाही. पण केवळ स्नायू आला नाही म्हणून करावं लागलेलं दुसरं खरवडणं पूर्ण दरानं लावू नये.

विमा कंपन्यांनी हे सगळं रुग्णालयांवर ढकलून मोकळं होऊ नये. दाखल झाल्याशिवाय दावा नाही, हा तुमचा नियम बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला एका दिवसाची भरती लावायला भाग पाडतो. स्टेंट घालायला मंजुरी देता आणि काढायला नाकारता. गाईडवायर, शीथ यांना 'कन्झ्युमेबल' म्हणून वजा करता, जणू त्यांच्याविना दुर्बीण वर चढते. अरुंद मूत्रवाहिनीमुळे दोन टप्प्यांत केलेल्या शस्त्रक्रियेचा दुसरा टप्पा 'तोच आजार, पुन्हा दावा' म्हणून अडवता, आणि मग जोर करून एकाच वेळी उरकण्याचा मोह शल्यविशारदाला पडतो. असा मोह रुग्णाच्या मूत्रवाहिनीला महाग पडतो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

रुग्णालयांनी शस्त्रक्रियेचा अंदाज पहिल्या तपासणीपासून स्टेंट निघून शेवटची सोनोग्राफी किंवा एक्स-रे होईपर्यंतचा, एकाच कागदावर द्यावा. त्या कागदावर तीन ओळी ठळक असाव्यात: ठरल्याप्रमाणे झालं तर किती, दुर्बीण वर गेली नाही आणि स्टेंट घालून थांबावं लागलं तर किती, दुसरी बैठक लागली तर किती. खडा न फोडता थांबलेल्या दिवशी फक्त झालेल्या कामाचे पैसे घ्यावेत.

साहित्याची यादी नावं, मापं आणि नग यांसह आधी द्यावी. ज्या साहित्याचे पैसे घेतले त्या प्रत्येकाच्या वेष्टनावरची लॉट क्रमांकाची चिकटपट्टी डिस्चार्ज कार्डावर लावावी. चिकटपट्टी नाही, तर त्या वस्तूचे पैसे नाहीत. पुन्हा वापरायच्या दुर्बिणीचा आणि फायबरचा दर वापरानुसार वाटलेला असावा, पूर्ण नगाचा नसावा.

स्टेंट काढायचा खर्च स्टेंट घालायच्या खर्चातच धरावा. स्टेंट घातलेल्या प्रत्येक रुग्णाला, कोणत्या बाजूला घातला, कधी घातला आणि कोणत्या तारखेपर्यंत काढायचा हे लिहिलेलं कार्ड द्यावं. रुग्णालयात स्टेंटची नोंदवही असावी, आणि तारीख उलटलेल्या रुग्णाला फोन करण्याची जबाबदारी नाव घेऊन एका व्यक्तीकडे द्यावी.

कर्करोगाच्या नियमित सिस्टोस्कोपीसाठी बाह्यरुग्ण विभागातला वेगळा, कमी दर असावा. लवचिक सिस्टोस्कोप नसलेल्या रुग्णालयांनी तो घ्यावा किंवा जिथे आहे तिथे रुग्ण पाठवावा.

शल्यविशारदांनी संमतिपत्रावर स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहाव्यात: हीच पद्धत का आणि दुसरी कोणती शक्य होती. स्टेंट घातला तर का घातला, ही तिसरी ओळ शस्त्रक्रियेनंतर.

विमा कंपन्यांनी स्टेंट काढणं मूळ दाव्याचाच भाग मानावा, भरतीची अट सिस्टोस्कोपीला लावू नये, आणि ज्या वस्तूंशिवाय शस्त्रक्रिया होऊच शकत नाही त्या वजा करू नयेत.

यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. लॉट क्रमांक तुमच्या स्टोअरच्या नोंदीत आहेत, दुर्बिणीच्या दुरुस्त्या तुमच्या खरेदी विभागाच्या फायलीत आहेत, स्टेंटच्या तारखा थिएटरच्या रजिस्टरमध्ये आहेत. पुढचं दरपत्रक छापाल तेव्हा ते या रीतीनं छापा. छापता येणार नसेल तर कोणती मागणी का शक्य नाही, हे लेखी आणि जाहीर कळवा; ते उत्तर आम्ही काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला वाचून दाखवू.

आपले,
थिएटर, स्टोअर आणि बिलिंगमध्ये काम करणारे आम्ही